किल्ली कोणाकडे?

(मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. प्रोजेक्टर बंद पडला तेव्हाची दहा मिनिटं आणि त्या वेळी झालेले विनोद वगळले आहेत.)



कार्यकारिणीने मला सांगितलं, 'काहीतरी टेक्निकल बोल, पण सगळ्यांना कळेल असं.' पुरणपोळी कर पण गोड नको, अशातलाच हा प्रकार! तरी प्रयत्न करतो. इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक आयटीतले आहेत आणि उरलेल्यांच्या घरात कोणी ना कोणी आयटीतलं आहेच. तेव्हा आयटीवाल्यांनी पहिली दहा मिनिटं मला सहन करावं, आणि बाकीच्यांनी मधली दहा मिनिटं. शेवटच्या भागासाठी मात्र सगळेच जागे रहा, कारण तो कॉम्प्युटरबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त आहे.

विषय असा : दहा-पंधरा माणसं मिळून एकच सॉफ्टवेअर लिहितात, तेव्हा प्रत्येकाने केलेला बदल मुख्य प्रतीत कसा जायचा आणि तो कोणी जाऊ द्यायचा. आमच्या भाषेत याला वर्कफ्लो म्हणतात. मी याला कामाची रीत म्हणेन. लग्नात प्रत्येक घरची रीत वेगळी असते ना, तसंच. आणि रीतीवरून भांडणंही तशीच होतात.

आधी व्हर्जन कंट्रोल म्हणजे काय ते. आपल्या या दिवाळी अंकाचंच उदाहरण घ्या. संपादकांच्या लॅपटॉपवर 'अंक अंतिम', 'अंक अंतिम २', 'अंक अंतिम नक्की' आणि 'अंक अंतिम नक्की शेवटचा' अशा चार फाइल्स असतात, आणि छापखान्यात पाचवीच जाते. हा गोंधळ टाळण्यासाठी जी व्यवस्था असते ती व्हर्जन कंट्रोल. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, याची ती वही ठेवते. नको असलेला बदल मागे घेता येतो. सहा महिन्यांपूर्वी अंक कसा होता ते जसंच्या तसं पाहता येतं.

पूर्वी ही वही एकाच ठिकाणी असायची. सर्वांत जुनी पद्धत वाचनालयासारखी होती. एकाने पुस्तक नेलं की ते परत येईपर्यंत दुसऱ्याने हात चोळत बसायचं. मायक्रोसॉफ्टचं सोर्ससेफ बहुतेक ठिकाणी असंच वापरलं जायचं. फाइल स्वतःच्या नावावर काढून तीन आठवडे बहिणीच्या लग्नाला गेलेल्या माणसाची गोष्ट आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने सीनियर लोकांकडून ऐकलेली आहे. मग सीव्हीएस आणि २००० सालापासून सबव्हर्जन आलं. त्यात एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं आणि बदल नंतर एकत्र करायचे, अशी सोय होती. माझ्या पुण्यातल्या पहिल्या नोकरीत आम्ही सबव्हर्जनच वापरायचो. बरं चालायचं. पण वही सर्व्हरवर असायची. ऑफिसचं नेटवर्क गेलं की वही गेली, आणि मग चहा.

आता २००५ सालात जाऊ. लिनक्सचं कर्नल लिहिणारे लोक २००२ पासून बिटकीपर नावाचं एक व्यापारी सॉफ्टवेअर वापरत होते. कंपनीने ते त्यांना फुकट वापरायला दिलं होतं. अँड्र्यू ट्रिजेल या नामांकित प्रोग्रॅमरने बिटकीपरशी बोलू शकेल असं स्वतःचं साधन लिहायला घेतलं आणि वाद पेटला. कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. लिनस टोरवाल्ड्सने ३ एप्रिल २००५ ला स्वतःचं साधन लिहायला सुरुवात केली, आणि ७ एप्रिलला ते साधन स्वतःचाच कोड सांभाळू लागलं. चार दिवस! जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती त्यावरच निघाली. जुलैमध्ये त्याने ते जुनिओ हामानोच्या हाती सोपवलं आणि तो कर्नलच्या कामाला परत गेला. हे साधन म्हणजे गिट. इंग्रजांच्या बोलीत गिट म्हणजे खडूस, नकोसा माणूस. मी माझ्या सगळ्या प्रकल्पांना माझंच नाव देतो, असं टोरवाल्ड्स गमतीने म्हणत असे. त्याच एप्रिलमध्ये मॅट मॅकॉलने त्याच कारणासाठी मर्क्युरियल लिहायला घेतलं. तेही उत्तम साधन होतं, पण जग गिटकडे गेलं.

गिटची खुबी अशी, की प्रत्येकाकडे संपूर्ण वही असते. नुसती आजची प्रत नव्हे, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास. विमानात बसूनही काम नोंदवता येतं. सर्व्हर जळाला तर कोणाच्याही लॅपटॉपवरून तो पुन्हा उभा करता येतो. म्हणून याला डिस्ट्रिब्यूटेड म्हणतात. वही सगळ्यांना वाटून दिलेली.

आणि इथेच खरी गंमत सुरू होते. वही एकच होती तेव्हा 'मुख्य प्रत कोणती' हा प्रश्नच नव्हता. सर्व्हरवर असेल ती मुख्य. आता पंधरा जणांकडे पंधरा पूर्ण वह्या आहेत आणि गिटच्या दृष्टीने त्या सगळ्या सारख्याच. त्यातली खरी कोणती? दुसऱ्याचा बदल आपल्यात घ्यायचा की नाही, हे कोण ठरवणार? गिट यावर काहीच बोलत नाही. जुन्या साधनांनी कारभाराची एक पद्धत आपल्यावर लादली होती. गिटने ती निवड आपल्यावर टाकली. बहुतेक कंपन्या ही निवड करतच नाहीत. आधीच्या नोकरीत जे पाहिलं असेल ते कोणीतरी एका दुपारी सेटिंगमध्ये टाकून देतो, आणि पुढची सात वर्षं लोक त्याप्रमाणे जगतात.

आता रीती पाहू.

सर्वांत साधी रीत म्हणजे सामायिक अंगण. एक मुख्य प्रत ठरवायची आणि सगळ्यांनी आपले बदल थेट तिच्यात टाकायचे. माझ्या आधी दुसऱ्या कोणी काही टाकलं असेल तर गिट मला अडवतं : आधी त्याचा बदल घे, आपल्याशी जुळवून बघ, मग ये. बस, एवढाच नियम. तीन-चार जणांनी, एकमेकांना ओळखत असतील तर, याहून वेगळं काही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार माणसांच्या टीमने परवानग्यांच्या तीन पायऱ्या उभ्या केलेल्या मी पाहिल्या आहेत. वन बेडरूमच्या फ्लॅटला वॉचमन ठेवल्यासारखं वाटतं.

दुसरी रीत परक्यांसाठी जन्माला आली. समजा मी एक प्रकल्प चालवतो आणि जगातल्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या अनोळखी माणसाला त्यात सुधारणा सुचते. मी त्याला घराची किल्ली देणार नाही. पण त्याने माझी पूर्ण प्रत स्वतःकडे घ्यावी, तिथे हवं ते करावं आणि मला निरोप पाठवावा : 'बघा, आवडलं तर घ्या.' प्रत घेणं म्हणजे फोर्क, आणि निरोप म्हणजे पुल रिक्वेस्ट. २००८ साली गिटहब सुरू झालं आणि त्याने हे इतकं सोपं केलं, की जगभरचं मुक्त सॉफ्टवेअर या रीतीवर चालू लागलं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर देऊन गिटहब विकत घेतलं, यावरून काय ते समजा. ही रीत सुंदर आहे. ओळख, वशिला, मुलाखत, काही नाही. काम दाखवा, काम चांगलं असेल तर आत. आपल्याकडच्या अनेक मुलामुलींना जगाच्या व्यासपीठावर जागा मिळाली ती या दाराने.

फक्त एक लक्षात घ्या. ही व्यवस्था अनोळखी माणसासाठी केलेली आहे. शेजारच्या टेबलावर आठ वर्षं बसणाऱ्या सहकाऱ्याला हीच रीत लावायची असेल, तर ती का लावतो आहोत हे स्वतःला विचारावं. उत्तर 'दुसऱ्या डोळ्यांनी एकदा पाहिलेलं बरं' असं असेल तर उत्तम. उत्तर 'त्याच्यावर भरवसा नाही' असं असेल, तर तो प्रश्न गिटने सुटणार नाही.

तिसरी रीत खुद्द लिनक्स कर्नलची. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात आणि ते करणारे दीड-दोन हजार लोक असतात. एकटा टोरवाल्ड्स ते सगळे वाचू शकत नाही आणि वाचतही नाही. नेटवर्कचा भाग एकाकडे, फाइल सिस्टिम दुसऱ्याकडे, ग्राफिक्स तिसऱ्याकडे, असे विभाग आहेत. कुठला विभाग कोणाकडे हे एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवलेलं आहे. बदल आधी विभागाच्या माणसाकडे जातो, तोही बहुतेक वेळा ई-मेलने. तिथे लोक तो जाहीरपणे फाडून खातात. टिकला तर विभागाच्या प्रतीत जातो, आणि विभागप्रमुख तो टोरवाल्ड्सकडे पाठवतो. नवे बदल घेण्याची खिडकी दोन आठवडेच उघडी असते. त्यानंतर साधारण सात आठवडे फक्त दुरुस्त्या. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. प्रत्येक बदलाखाली तो ज्यांच्या हातून गेला त्यांच्या नावाची सहीची ओळ असते. ही प्रथा २००४ पासूनची, म्हणजे गिटच्याही आधीची.

आपल्या मंडळाचा गणेशोत्सव असाच चालतो की. सजावट समिती, प्रसाद समिती, सांस्कृतिक समिती. अध्यक्ष मोदक मोजत नाहीत. प्रसाद समितीच्या प्रमुख काकू 'पाचशे झाले' म्हणाल्या की झाले. अध्यक्षांचा भरवसा मोदकांवर नसतो, काकूंवर असतो. कर्नलही तसंच माणसांच्या साखळीवर चालतं. फरक इतकाच, की कर्नलमध्ये कोण कशाचं प्रमुख हे लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडे ते दरवर्षी भांडून ठरतं.

चौथी एक रीत आहे जिच्यावर मी जरा घसरणार आहे. ५ जानेवारी २०१० ला व्हिन्सेंट ड्रिसेन या डच इंजिनिअरने गिटच्या फांद्या कशा ठेवाव्यात यावर एक लेख लिहिला. एक मुख्य फांदी, एक विकासाची फांदी, प्रत्येक कामाची वेगळी, प्रत्येक आवृत्तीची वेगळी आणि तातडीच्या दुरुस्तीची आणखी वेगळी. सोबत एक देखणं रंगीत चित्र होतं. गिट-फ्लो या नावाने ते जगभर पसरलं आणि हजारो ऑफिसांच्या भिंतींवर लागलं. आवृत्त्या काढून विकायच्या असतात, तीन वर्षांपूर्वीची आवृत्तीही सांभाळायची असते, तिथे ही रीत ठीकच आहे. पण जी वेबसाइट दिवसातून चार वेळा बदलते, तिला आवृत्ती असते का? मार्च २०२० मध्ये खुद्द ड्रिसेननेच त्या लेखाला टीप जोडली, की तुम्ही सतत बदलणारं वेब सॉफ्टवेअर करत असाल तर याहून साधी रीत घ्या. मूळ लेखकाने सांगूनही लोक चित्र भिंतीवरून काढायला तयार नाहीत. पंचांगकर्त्याने मुहूर्त नाही म्हटलं तरी हॉल बुक झालाय म्हणून लग्न उरकणाऱ्यांतले आम्ही!

याच्या अगदी उलट टोकाला ट्रंकवाले आहेत. त्यांचं म्हणणं, फांदी काढा पण एक-दोन दिवसांत खोडाला आणून जोडा. अर्धवट काम असेल तर ते कोडमध्ये राहू दे, फक्त बटण बंद ठेवा. माझा कल यांच्याकडे आहे. कारण अनुभव असा, की दोन माणसांच्या कामात ताटातूट जितकी लांब, तितकी भेट अवघड. सहा आठवडे वेगळी वाढलेली फांदी जोडायला बसलं की एक अख्खा आठवडा जातो आणि मनस्ताप होतो तो वेगळा. याला एक अट आहे. आपोआप चालणाऱ्या चाचण्या हव्यात, आणि चांगल्या हव्यात. त्या नसतील तर ट्रंकच्या गप्पा मारू नयेत.

मर्ज की रीबेस, म्हणजे इतिहास जसा घडला तसा ठेवायचा की नीट इस्त्री करून ठेवायचा, यावर आमच्यातले लोक जेवणाच्या टेबलावर तासन्‌तास बोलू शकतात. मी दोन वाक्यांत संपवतो. स्वतःच्या वहीत हवी तेवढी इस्त्री करा. एकदा इतरांच्या हाती गेलेला इतिहास मात्र बदलू नका. असो.

मध्ये थोडं विषयांतर करतो, कारण ते अंकाच्या वाचकांना उपयोगी पडेल. अंकाच्या कामात आमच्यापैकी काही जणांनी मजकूर गिटमध्ये ठेवून पाहिला. मराठी मजकुरासाठी गिट चालतं का? चालतं, पण खोड्या करतं. पहिली खोडी : फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं की गिट ते नाव न दाखवता तिरप्या रेघा आणि आकड्यांची रांग दाखवतं. 'कोट-पाथ' नावाचं एक सेटिंग बंद केलं की नावं नीट दिसतात. दुसरी खोडी : गिट ओळीओळीने तुलना करतं. प्रोग्रॅमची ओळ लहान असते, पण लेखाचा अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. एक वेलांटी बदलली की गिट म्हणतं, परिच्छेद बदलला. शब्दाशब्दाने फरक दाखवायची सोय त्यात आहे, ती वापरावी, किंवा प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहावं. वर्डची फाइल ठेवलीत तर मात्र काहीच कळत नाही. गिटला ते बंद गाठोडं असतं.

तिसरी खोडी खास मराठी आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. कोणी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग या असा टाइप करतं. कोणी साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, छापूनही सारखेच येतात. पण कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा लेख दुसऱ्याने उघडून 'बदला' करून जतन केला की गिट चाळीस बदल दाखवतं, आणि डोळे फाडून पाहिलं तरी एकही दिसत नाही. भुताटकीच! उपाय म्हणजे एकच पद्धत ठरवायची आणि सगळा मजकूर आत घेतानाच एका छोट्या प्रोग्रॅममधून काढायचा. आणि आमची रीत? अंगणाचीच. फक्त मुद्रितशोधन करणाऱ्या काकूंना लॅपटॉप नको, त्या कागदावर लाल पेनने काम करतात. त्यांच्या खुणा कोणीतरी आत टाकतं. पण त्यांनी पाहिल्याशिवाय पान पुढे जात नाही. एवढा कडक रिव्ह्यू मी कुठल्याच कंपनीत पाहिलेला नाही.

आता त्या शेवटच्या भागाकडे येतो.

गेल्या काही वर्षांत मी एका कंपनीसाठी काम केलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण अशा कंपन्या इथे रस्तोरस्ती आहेत. इथे न्यू जर्सीत पाच जण आणि पुण्यात नऊ. एकच सॉफ्टवेअर, एकच गिट. सगळे म्हणायचे पुण्याचं काम हळू चालतं. मला बोलावलं होतं ते का हळू चालतं हे पाहायला.

मी कोणाशी बोलायच्या आधी सेटिंग पाहिलं. मुख्य फांदीत बदल घ्यायचा असेल तर न्यू जर्सीतल्या पाचपैकी एकाची मंजुरी लागत होती. पुण्यातल्या कोणाचीही चालत नव्हती. तिथे बारा-बारा वर्षं अनुभव असलेल्या दोन बाई होत्या, त्यातल्या एकीने त्या सॉफ्टवेअरचा अर्धा भाग स्वतः लिहिलेला होता. त्यांचीही नाही. हा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. का केला हे कोणाला आठवत नव्हतं. कधीतरी काहीतरी बिघडलं होतं म्हणे.

आता घड्याळ लावून बघा. उन्हाळ्यात आपण पुण्याच्या साडेनऊ तास मागे असतो, हिवाळ्यात साडेदहा. पुण्याच्या मुलाने सोमवारी संध्याकाळी सहाला बदल पाठवला. इथे सकाळचे साडेआठ. इथल्या माणसाच्या दुपारपर्यंत मीटिंगा. त्याने तीनला पाहिलं आणि विचारलं, 'ही अट इथे कशाला?' पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेबारा. मुलाने मंगळवारी सकाळी दहाला पाहिलं, वीस मिनिटांत उत्तर दिलं आणि दुरुस्ती केली. इथे मध्यरात्र. इथल्याने मंगळवारी दुपारी पाहिलं आणि दुसरा प्रश्न विचारला. तो बुधवारी पोचला. वीस मिनिटांच्या कामाला तीन दिवस! यात आळशी कोणीच नव्हतं.

माणूस हुशार असतो, तो यातून वाट काढतो. पुण्याच्या मुलांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे रात्री अकरापर्यंत ऑफिसात थांबायचं, म्हणजे इकडच्या माणसाला लगेच उत्तर देता येतं. घरी लहान मूल असलेली, आजारी आई असलेली माणसं रोज अकरापर्यंत थांबत होती, आणि इथे त्याला 'पुण्याची टीम फार सहकार्य करते' असं म्हणत होते. दुसरी वाट जास्त धोक्याची. प्रत्येक मंजुरीला तीन दिवस लागणारच असतील, तर दहा छोटे बदल पाठवण्याऐवजी एक मोठा पाठवा. म्हणून दोन-दोन हजार ओळींचे बदल येऊ लागले. दोन हजार ओळी कोणी वाचत नाही. पन्नास ओळी दिल्या तर माणूस दहा चुका काढतो, दोन हजार दिल्या तर 'ठीक दिसतंय' लिहून पुढे जातो. म्हणजे जो दरवाजा सुरक्षेसाठी बसवला, त्यातूनच न पाहिलेला कोड गाड्या भरभरून आत येत होता.

आता जरा नाजूक गोष्ट. ते इथले पाच किल्लीवाले कोण होते? त्यातले तिघे भारतीय, आणि तिघांपैकी दोघे मराठी. दोघांनीही सुरुवात पुण्यातच केलेली, आणि तेव्हा असंच इकडच्या मंजुरीची वाट पाहत रात्री काढलेल्या. मी त्यांना दोष देत नाही, नियम त्यांनी केलेला नव्हता. पण दार उघडून आत आलेल्या माणसाला दार खटकत नाही, हे मात्र मी तिथे पाहिलं. या सभागृहात अशा किल्ल्या खिशात असलेले निदान तीसजण बसलेले आहेत. उद्या ऑफिसात गेल्यावर सेटिंगच्या पानावर नावांची यादी एकदा वाचा, इतकंच म्हणतो.

काय केलं ते सांगतो. फोर्क बंद केले, सगळ्यांची एकच सामायिक प्रत. फांद्या एक-दोन दिवसांच्या. मुख्य फांदीत थेट कोणीच काही टाकायचं नाही, इथल्या मॅनेजरनेसुद्धा नाही. प्रत्येक बदल दुसऱ्या एका माणसाने पाहायचा, पण तो माणूस शक्यतो त्याच गावातला. पुण्याचा बदल पुण्याने पाहायचा आणि पुण्यानेच आत घ्यायचा. अपवाद दोन : डेटाबेसची रचना आणि पैशांचा हिशेब. त्यासाठी दोन्ही गावांत एकेक माणूस नेमला, त्यांची नावं एका फाइलमध्ये लिहिली, आणि त्यातल्या एकाची मंजुरी सक्तीची केली. पुण्याचं नाव अर्थात त्या अनुभवी बाईंचं. शिवाय चाचण्या पास झाल्याशिवाय कुठलंच बटण चालू होत नाही, कोणासाठीही नाही.

मॅनेजरचा प्रश्न ठरलेला होता : 'आणि तिकडून काही बिघडलं तर?' मी म्हटलं, इकडून बिघडलं तर काय करता? बदल मागे घेता ना? तेच करायचं. गिटमध्ये बदल मागे घ्यायला एक आज्ञा पुरते. तो हो-नाही करत महिनाभराच्या बोलीवर तयार झाला. आणि दुसऱ्याच आठवड्यात, शुक्रवारी, पुण्याच्या एका बदलाने लॉगिनचं पान बंद पडलं! चाचण्यांत ती परिस्थिती धरलेलीच नव्हती. मला वाटलं आता प्रयोग संपला. पण इथले लोक कॉफी घेऊन टेबलावर बसेपर्यंत पुण्याने तो बदल मागे घेतला होता, नवी चाचणी लिहिली होती आणि काय झालं ते चार ओळींत कळवलं होतं. जुन्या रीतीत हेच इकडच्या सकाळची वाट पाहत अडकून पडलं असतं, कारण मागे घ्यायलाही इकडचीच मंजुरी लागत होती. प्रयोग चालू राहिला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. इथल्या लोकांना पुण्यात काय चाललंय हे पूर्वी रिव्ह्यू करताना आपोआप कळायचं, ते बंद झालं. दोन महिन्यांत दोन्ही गावांचं कोड लिहिण्याचं वळण वेगळं दिसू लागलं. मग आठवड्यातून एकदा, पुण्याच्या संध्याकाळी सहाला, दोन-तीन बदल सगळ्यांनी एकत्र वाचायचे असं ठरवलं. मंजुरीसाठी नाही, नुसतं वाचायला. इथल्यांना साडेआठला हजर राहावं लागतं, थोडी कुरकुर आहे. आणि पाचपैकी एकाला आपलं महत्त्व कमी झालं असं वाटलं ते वाटलंच. त्याला माझ्याकडे इलाज नव्हता. पुण्याचं ऑफिस आता सातला रिकामं होतं.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, तेही इथे देतो. एका काकांनी विचारलं, 'आता एआयच कोड लिहितं म्हणे, मग ही सगळी रीत कशाला?' कोड लिहिणं स्वस्त झालंय काका, वाचणं नाही. मशीन पाच मिनिटांत दोन हजार ओळी देतं, वाचणारा माणूस मात्र जुनाच, पन्नास ओळींनंतर जांभई देणारा. म्हणून बदल छोटे ठेवण्याची गरज उलट वाढली आहे, आणि मशीनने लिहिलेल्या बदलाखाली सही कोणाची, हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. लिनक्सवाल्यांच्या २००४ च्या सहीच्या ओळीचं मोल आता कळतंय.

दुसरा प्रश्न कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा. चौघांचा प्रोजेक्ट आहे, कुठली रीत घेऊ? मी म्हटलं, अंगणाची. रोज रात्री झोपण्याआधी आपलं काम मुख्य प्रतीत टाका, कितीही अर्धवट असो, फक्त चालत असलं पाहिजे. आणि चौघांपैकी जो सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत काहीच टाकत नाही, त्याला आत्ताच फोन कर. ती म्हणाली, 'तो कोण ते मला माहीत आहे.'